काळोख ज्याचा त्याचा

पाल चुकचुकली की माझी आजी बोटाने जमिनीवर तीनदा टकटक करायची आणि ‘कृष्ण कृष्ण’ म्हणायची. शंका आली की आपल्या मनातही पालच चुकचुकते, सरडा नाही की साप नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांत गळ्यातून आवाज काढणारे थोडे, आणि त्यांत पालींचं कूळ सगळ्यात बोलकं. तो आवाज बहुतेकदा दुसऱ्या पालीसाठी असतो: ही भिंत माझी, किंवा मी इथे आहे, ये. आजीने हे संभाषण आयुष्यभर ऐकलं आणि प्रत्येक वेळी आपल्या बाजूने साक्षही दिली.

आंबोलीला रात्रीचे साप-सरडे बघायला जायचं ठरलं, तेव्हा पहिला सराव आम्ही या पालीवरच केला. रानातला, रात्री हिंडणारा, कुणी न पाळलेला सरपटणारा प्राणी आपल्या स्वयंपाकघरातच असतो हे आपण विसरूनच जातो. ट्यूब बंद केली. देवघरातल्या समईचा काय तो उजेड. दहा मिनिटांनी नऊ वर्षांच्या मुलीने बाजूने, हळूच, विजेरीचा झोत पालीच्या डोळ्यावर आणला. डोळाभर पसरलेली काळी बाहुली बघता बघता आकसली आणि तिथे एक उभी, काठाला खाचा असलेली चीर उरली.

“तिला आपण दिसतो का?” मुलीने विचारलं.

दिसतो, आणि रंगांसकट दिसत असणार. आपल्या डोळ्यांत दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी मंद उजेडात काम करतात पण त्यांना रंग कळत नाही. शंकूपेशींना रंग कळतो पण भरपूर उजेड लागतो. म्हणून चांदण्यात आपल्याला जास्वंदही करडी दिसते. पालींचे फार प्राचीन पूर्वज दिवसा हिंडणारे होते आणि त्या उजेडाच्या आयुष्यात त्यांच्या दंडपेशी गेल्या. पुढे त्यांचं कूळ पुन्हा रात्रीकडे वळलं, तेव्हा हाताशी उरल्या होत्या फक्त शंकूपेशी. मग त्याच वाढल्या, लांबल्या, मंद उजेडाला सरावल्या. २००४ साली स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात वायव्य आफ्रिकेतल्या एका पालीवर प्रयोग झाले. अंधुक चांदण्याएवढ्या उजेडातही तिला निळा आणि करडा वेगळे ओळखता आले. आपण जिथे रंग ओळखायचं सोडून देतो, त्या उंबरठ्यावर तिची नजर आपल्यापेक्षा सुमारे ३५० पट संवेदनशील निघाली.

मला हे वाचून बसल्या जागी शहारा आला होता. आपण ज्याला काळोख म्हणतो तो फक्त आपल्या डोळ्यांचा काळोख आहे.

त्या रात्रीपासून सहलीची आखणीच बदलली. काय न्यायचं याची यादी बाजूला राहिली आणि आम्ही एकेका प्राण्याबद्दल विचारायला लागलो: याची रात्र कशी असते? सहलीला लागणारं जवळजवळ सगळं शहाणपण त्या एका प्रश्नातून निघालं.

कुठे जायचं हा प्रश्न नव्हताच. सिंधुदुर्गातलं आंबोली सह्याद्रीच्या ऐन कड्यावर, सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग इथे येऊन थडकतात आणि वर्षाकाठी सात मीटरच्या आसपास पाऊस ओततात. सात मीटर म्हणजे दुमजली घराएवढं पाणी. वर जांभ्याचे उघडे सडे, खाली दाट रान, मध्ये शेकडो व्हाळ. एवढ्याशा जागेत इतकी निरनिराळी घरं असली की राहणारेही निरनिराळे होतात. आंबोलीच्या सड्यावरचा पिवळसर पट्ट्यांचा छोटा भेक शास्त्राने २००९ साली नव्या प्रजातीत नेऊन ठेवला. त्याचं सगळं जग या डोंगरमाथ्याच्या आसपासच आहे. २००३ साली इथूनच एका देवगांडुळाचं वर्णन झालं. दिसायला गांडूळ, पण पाठीचा कणा असलेला, बेडकांचा भाऊबंद. २०१८ साली आंबोलीचंच नाव मिळालेली एक चिमुकली पाल नोंदली गेली. हे सगळे दुर्गम अरण्यात सापडलेले नाहीत. जिथे लोक धबधब्याखाली भिजायला येतात, कणसं खातात, त्याच गावच्या आसपास ते पूर्वापार राहत होते.

कधी जायचं, हे सापाचं रक्त सांगतं. आपण अन्न जाळून शरीर ऊबदार ठेवतो. सरपटणारे प्राणी ऊब बाहेरून घेतात. हा मागासलेपणा नव्हे, फार मोठी काटकसर आहे. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ऊर्जेत त्यांचं भागतं. म्हणून साप आठवडेच्या आठवडे उपाशी बसू शकतो. पण याचा दुसरा अर्थ असा की आंबोलीच्या डिसेंबरातल्या गारठ्यात रात्री हिंडणं त्याला परवडत नाही. पावसाळ्यात मात्र रात्र आणि दिवस यांच्या तापमानात फारसं अंतर राहत नाही, हवा दमट आणि सौम्य असते, आणि मुख्य म्हणजे बेडूक बाहेर येतात. व्हाळाच्या काठी डरांव डरांव सुरू झालं की तिथे पंगत बसली असं समजावं. पंगतीला कोण कोण येतं याचं एक उदाहरण कोयनेचं आहे. २०१९ साली तिथल्या रानातून मांजऱ्या सापाची एक नवी जात नोंदली गेली, तिला बोइगा ठाकरेयी हे नाव मिळालं. हा साप रात्री ओढ्यावरच्या फांद्यांवर फिरतो आणि बेडकांनी पानांना चिकटवलेली अंडी खातो.

आम्ही सप्टेंबरचा पहिला आठवडा धरला, तोही मधल्या वारी. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी आंबोलीत गाड्यांची रांग असते. त्या रांगेच्या दिव्यांत रात्र उरत नाही.

तंबू हवाच, असा तेरा वर्षांच्या मुलाचा हट्ट होता. सह्याद्रीच्या पावसात उघड्यावर तंबू ठोकणं म्हणजे पाण्यात गादी घालणं. शिवाय राखीव जंगलात परवानगीशिवाय रात्री शिरणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. म्हणून गावातल्या एका घरी उतरलो, आणि त्यांच्या खळ्यात पत्र्याच्या मांडवाखाली मुलाचा तंबू उभा राहिला. पत्र्यावर रात्रभर पाऊस वाजत होता. याहून चांगला तंबू मला माहीत नाही.

रात्री आठला निघालो. पायांत गमबूट, आत पँट खोचलेली. गमबूट सापासाठी आहेतच, पण आंबोलीत त्यांचं पहिलं काम जळवा अडवण्याचं. आमचा वाटाड्या गावातलाच, पन्नाशीचा माणूस, खांद्यावर घोंगडी. निघताना त्याने एकच नियम सांगितला: “आधी पायाखाली बघा, मगे झाडार.”

मुलांना वाटलं होतं की आता तोंड शिवून चालायचं. पण बोलायला हरकत नव्हती. सापाला बाहेरचा कान नाही, पडदा नाही. त्याच्या आतल्या कानाला एक बारीक हाड जबड्याशी जोडतं. जमिनीची थरथर जबड्यातून थेट आत पोहोचते. हवेतून येणारे खालच्या पट्टीतले आवाजही त्याला जाणवतात. पण मुलांची किणकिण त्याच्या जगात जवळजवळ नाहीच. पाय आपटणं मात्र आहे. आपल्यासाठी रात्र आवाजांची, त्याच्यासाठी ती थरथरीची. गप्पा मारत, पण मांजराच्या पावलाने, असं आम्ही चालू लागलो. नऊ वर्षांच्या पोरीला हे चालणं आमच्याआधी जमलं.

विजेरी कपाळाशी धरा, असं बहुतेक पुस्तकं सांगतात, आणि त्यामागे सुंदर कारण आहे. निशाचर प्राण्यांपैकी अनेकांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा एक थर असतो. आत आलेला प्रकाश तो परत पाठवतो, म्हणजे पेशींना तोच प्रकाश टिपायची दुसरी संधी मिळते. तो प्रकाश आला त्याच वाटेने परत जातो, म्हणून आपला डोळा विजेरीच्या जवळ असेल तरच ती चमक आपल्याला दिसते. चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या पात्रात रात्री झोत फिरवला तर मगरींचे डोळे निखाऱ्यासारखे पेटतात ते याच आरशामुळे. पण सापाच्या डोळ्यात हा आरसा नाही, पालीच्याही नाही. मुलीला पहिल्या पाच मिनिटांत गवतात शेकडो हिरवे-निळे हिरे दिसले आणि ती “साप! साप!” करत वाकली. ते कोळी होते. एकेका कोळ्याचे डोळे, चाळीस पावलांवरून लकाकणारे. कोळ्यांनी भरलेल्या त्या गवतावरून आपण रोज दिवसा चालतो.

धुकं आलं की कपाळाची विजेरी उलटते. समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण थेंबांवरून परतणारा उजेड थेट आपल्या डोळ्यांत येतो. अशा वेळी ती काढून हातात, कमरेशी धरायची. हे आम्हाला पुस्तकाने नाही, वाटाड्याने शिकवलं.

सापाचा डोळा चमकत नाही, मग साप शोधायचा कसा? आकाराने. पानं टोकाला निमुळती होतात, काटक्या कुठेतरी मोडतात. सलग, गुळगुळीत, एकसारखी वळणारी रेघ झाडात फारशी नसते. अशी रेघ दिसली की थांबायचं.

पण पहिला सापडला तो झोपलेला सरडा, आणि माझ्या मते लहान मुलांना घेऊन जायचं तर शोधायचे ते झोपलेले प्राणीच. दिवसा हात लांब करायच्या आत पसार होणारा रानसरडा रात्री एका बारीक फांदीच्या अगदी टोकाला, डोळे मिटून, शेपटी लोंबती सोडून निजलेला असतो. रंग फिका पडलेला, त्यामुळे उजेडात तो काळ्या पानांवर खडूने काढल्यासारखा दिसतो. एवढी उघड्यावरची जागा का निवडावी? कारण त्याच्यापर्यंत यायचं तर त्याच फांदीवरून यावं लागतं, आणि बारीक टोकाला कुणीही चढलं की फांदी हलते. निजलेल्या सरड्याला ती हालचाल जागं करते, असं मानलं जातं. त्याने आपल्या अंथरुणालाच राखणीला बसवलं आहे. आम्ही फांदीला हात न लावता, श्वास रोखून दोन हातांवरून पाहिलं. बंद पापणी खवल्यांची होती आणि पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. बहुतेक पाली आणि साप मात्र पापणी मिटत नाहीत, कारण मिटायला पापणीच नाही. डोळ्यावर काचेसारखं पारदर्शक आवरण असतं. साप उघड्या डोळ्यांनी झोपतो. कात टाकायच्या आधी तीच काच दुधाळ होते आणि साप काही दिवस धुक्यात जगतो.

पुलाच्या कठड्यावर एक मोठी पाल उलटी लटकून होती. तिची पावलं बघायला मुलगा कितीतरी वेळ खाली वाकून राहिला. तिथे ना गोंद आहे, ना हवा शोषणारी वाटी. टोके नावाच्या मोठ्या पालीच्या एका पावलावर सुमारे पाच लाख सूक्ष्म केस मोजले गेले आहेत. प्रत्येक केस टोकाशी शेकडो पात्यांत फाटतो, आणि ही पाती इतकी बारीक असतात की ती दगडाच्या रेणूंना जवळजवळ शिवतात. इतक्या जवळ गेल्यावर कुठल्याही दोन वस्तूंमध्ये जे एरवी नगण्य असतं ते ओढीचं बळ पुरेसं होतं. लाखो नगण्य बळांची बेरीज म्हणजे छतावरून चालणारी पाल.

जाता जाता: अतिनील उजेडाची एक छोटी विजेरी जरूर न्या. विंचू सरपटणाऱ्या प्राण्यांत मोडत नाही, पण त्या उजेडात तो हिरवट-निळा उजळतो, आणि चिऱ्याच्या गडग्यात एकाच वेळी तीन-चार कंदील लागल्यासारखे दिसले की मुलं ती रात्र विसरत नाहीत. हा उजेड त्याला कशासाठी, याचं एकमताचं उत्तर अजून नाही.

दहाच्या सुमारास, व्हाळाच्या वळणावर, वाटाड्या थबकला. काही बोलला नाही. झोत एका झुडपावर ठेवला आणि मुलीकडे पाहिलं. तिने वाट पाहिली. आम्ही बघत होतो ते शेवाळलं खोड, आणि ती बघत होती त्याच्या हातभर खाली.

“त्या पानाला खवले आहेत,” ती म्हणाली.

मलबारी चापडा. जमिनीपासून माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, फांदीला दोन वेढे, त्रिकोणी डोकं व्हाळाच्या दिशेने. अंगावर तपकिरी आणि हिरव्याची अशी नक्षी की दगडफूल कुठे संपतं आणि साप कुठे सुरू होतो ते सांगता येऊ नये. ही एकच जात हिरव्या, पिवळ्या, नारिंगी, तपकिरी अशा किती तरी रंगांत सापडते. तो हलला नाही. आम्ही दोन मीटरवर थांबलो, त्यापुढे कुणीही नाही.

डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये त्याला एक खळगी होती. तिथे एक पातळ पडदा ताणलेला असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास जाडीचा. समोरच्या वस्तूतून निघणाऱ्या उष्णतेने तो तापतो आणि एका अंशाच्या काही हजाराव्या भागाएवढा फरकही त्याला जाणवतो. खळग्या दोन, चेहऱ्याच्या दोन बाजूंना, म्हणून ऊब कुठल्या दिशेला आहे तेही कळतं. २०१० साली या पडद्यातल्या मज्जातंतूंवरचं ऊब ओळखणारं प्रथिन सापडलं. आपल्याकडे त्याचा जो भाऊबंद आहे तो मोहरीचा झणझणीतपणा ओळखतो! आणि याहून थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. खळगीतून आलेला निरोप सापाच्या मेंदूत डोळ्यातून आलेल्या चित्राशी येऊन मिळतो. म्हणजे तो ऊब फक्त जाणत नाही. एका अर्थी ती त्याला दिसते, आणि जे दिसतं त्याच्यावर ती मिसळून येते. त्या झुडपासमोर आम्ही पाच जण उभे होतो, गमबूट, रेनकोट, विजेऱ्या घेऊन, आणि त्याच्या रात्रीत आमचे पाच ऊबदार चेहरे तरंगत होते. आम्ही त्याला शोधलं असं आम्हाला वाटत होतं. त्याने आम्हाला कधीच पाहिलं असणार.

ज्याला स्वतःला न हलण्यावर पोट भरायचं आहे तो पळून जात नाही. म्हणून सुरक्षेचा सगळ्यात महत्त्वाचा नियम असा की नजर पोहोचली नाही तिथे हात घालायचा नाही. आधार म्हणून फांदी धरायची नाही, दगड उलटवायचा नाही, पकडायचं तर मनातही आणायचं नाही. साप पकडणं, डिवचणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते: आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनते, चापड्यावर तिचा भरवसा नाही. त्याच्या दंशाने माणूस दगावणं विरळा, पण वेदना आणि सूज भयंकर. दंश झालाच, कुठल्याही सापाचा, तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काही करू नये. अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, तो अवयव हलवू नये, १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावं. आम्ही निघायच्या आधीच घाटाखाली, तीसएक किलोमीटरवर, सावंतवाडीत लस कुठे आहे याची चौकशी करून ठेवली होती. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. त्यातली बहुसंख्य खेड्यातली, शेतात राबणारी, घरात जमिनीवर निजलेली. हौसेने साप बघायला जाणाऱ्याने हा आकडा विसरू नये.

जमिनीवर निजलेल्यांना मुख्यतः गाठते ती मण्यार. ती रात्री भक्ष्याच्या मागावर फिरते आणि तिचा दंश कित्येकदा इतका हलका असतो की झोपलेल्याला कळतही नाही. म्हणून मुलाच्या तंबूची चेन कायम ओढलेली, बूट आत, आणि आम्ही ओसरीवर खाटांवर, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून. डासांसाठी आणलेल्या या जाळीएवढं साधं आणि उपयोगी दुसरं काही नाही.

परतताना डांबरी रस्त्यावर एक कवड्या साप दिसला, चिरडलेला, अजून ओलसर चमकणारा. दिवसभराची ऊब डांबर रात्रीपर्यंत धरून ठेवतं, पाऊस नसेल तेव्हा साप त्या उबेला येतात. आणि पावसात बेडकांच्या मागे रस्ता ओलांडतात. घाटात रात्री गाडी वीसच्या वेगाने हाकणं हे मला आता प्राणी बघण्याच्याच कामाचा भाग वाटतं. वाटाड्याने काठीने तो साप उचलून गवतात ठेवला आणि क्षणभर तिथेच उभा राहिला. मुलं त्यानंतर बराच वेळ बोलली नाहीत.

सकाळी पाऊस उघडला होता. चहाच्या आधी मुलगी म्हणाली, तो अजून तिथेच असेल का बघू. टपून बसणारा चापडा एका जागी कित्येक दिवस काढू शकतो हे मी तिला सांगितलं होतं, पण माझी स्वतःची खात्री नव्हती. व्हाळाचं वळण दिवसा ओळखू येईना. सगळं हिरवं, सगळं ओलं, सगळं हलणारं. मी शेवाळलं खोड शोधलं, त्याच्या हातभर खाली पाहिलं, आणि मला पानं दिसली.

मुलगी दोन मीटरवर उकिडवी बसली. बाजूच्या रस्त्यावरून एसटी गेली, जमीन थरथरली. मिनिटभराने तिने बोट न दाखवता, नुसत्या हनुवटीने दाखवलं. दोन वेढे, डोकं व्हाळाकडे. पाठीवर रात्रीच्या पावसाचे थेंब होते, एकही ओघळला नव्हता.